‘फळच तर आहे’ म्हणण्याआधी

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी असलेली घरे आता आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावातही प्रत्येक आळीत सापडतात. आईवडील तिकडे जातात, सहा महिने राहून परत येतात आणि प्रवासाचा शीण उतरला की रक्त तपासून कागद घेऊन माझ्याकडे येतात. कागदावरचे आकडे पाहून मी खाण्यापिण्याची चौकशी सुरू केली की एक उत्तर हमखास मिळते. "डॉक्टर, गोड म्हणाल तर काहीच नाही. तिकडे कुठले पेढे न् कुठली बर्फी! हां, सूनबाई रविवारी ते फळांचं करायची, कॉब्लर का काय म्हणतात ते. पण ते फळच तर आहे."

मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आले की मी सावध होतो. वाक्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते या वाक्याच्या आडोशाने पोटात जाणारे. म्हणून आज या कॉब्लरविषयी, ते ज्या भांड्यात शिजते त्या भांड्याविषयी आणि ‘सोपे’ या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ज्यांची मुले परदेशात नाहीत त्यांनीही वाचावे, कारण आपल्या स्वयंपाकघरातही या कॉब्लरची बरीच भावंडे आहेत.

कॉब्लर हा अमेरिकेतील जुना घरगुती पदार्थ. इंग्रजीत या शब्दाचा दुसरा अर्थ जोडे दुरुस्त करणारा असा आहे, त्याचा येथे संबंध नाही. खाली फळांच्या फोडी, वर मैद्याच्या सैलसर पिठाचे गोळे, आणि दोन्ही एकाच भांड्यात एकदम शिजवलेले, असे त्याचे साधे रूप. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतवाल्यांनी तो जाड लोखंडी भांड्यात निखाऱ्यावर केला. जॉर्जियासारख्या दक्षिणेकडील राज्यांत तो पीचचा, म्हणजे आपल्या सप्ताळूचा करतात. इतरत्र सफरचंदाचा, चेरीचा, काळ्या बेरीचा. हाताशी जे फळ पिकून पडलेले असेल ते वाया जाऊ नये, ही त्यामागची गृहिणीची दृष्टी. आपण साखरांबा घालतो तीच.

आता ते भांडे. स्लो कुकर म्हणजे चिनी मातीचे जाड भांडे, त्याभोवती विजेची मंद तार आणि वर काचेचे झाकण. त्याला शिट्टी नाही, वाफेचा दाब नाही. आतले अन्न उकळीच्या थोडे खाली राहून तासन्‌तास शिजत राहते. हे भांडे आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाच्या डोक्यातून निघाले. त्याची आई लिथुआनियातील आठवण सांगत असे, की ज्यू लोकांना शनिवारच्या पवित्र दिवशी चूल पेटवायची नसते, म्हणून शुक्रवारी घेवडा आणि मांसाचे भांडे पाववाल्याच्या भट्टीत ठेवून द्यायचे आणि रात्रभर निवत जाणाऱ्या भट्टीच्या धगीवर ते शिजायचे. नॅक्सनने त्यावरून विजेचे भांडे बनवले. त्याचे पेटंट १९४० साली मिळाले. पुढे रायव्हल या कंपनीने ते विकत घेऊन १९७१ साली ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरले. सकाळी घालावे आणि संध्याकाळी घरी येऊन वाढावे, एवढी सोय पुरेशी होती.

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शेगडीच्या निखाऱ्यावर, चुलीच्या वैलावर दूध किंवा डाळ ठेवून आपल्या आज्या शेतावर जात असत. वैलावर पदार्थ करपत नाही आणि कुणाला जवळ उभे राहावे लागत नाही. स्लो कुकर म्हणजे विजेचा वैल.

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती ‘इझी’ या शब्दापासून. अमेरिकेत हा शब्द खाण्याच्या पदार्थाला लावला की त्याचा अर्थ बहुधा ‘डब्यातले’ असा होतो. स्लो कुकरमधील सोप्या कॉब्लरची तिकडे सर्वाधिक चालणारी कृती अशी: साखरेच्या घट्ट पाकातील फळांचे, म्हणजे पाय फिलिंगचे दोन डबे भांड्यात ओता, त्यावर केकच्या तयार पिठाचा एक खोका कोरडाच पसरा, त्यावर बटरची एक कांडी वितळवून घाला, झाकण लावा. पाच मिनिटांचे काम. चाकूसुद्धा लागत नाही.

पण हिशेब करून पाहा. असे दोन डबे मिळून सुमारे १२०० ग्रॅम भरतात आणि त्यात दर १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम साखर असते. त्यातली थोडी फळाची, बाकीची वरून घातलेली. म्हणजे २४० ग्रॅम. केकच्या पिठाचा खोका सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली सुमारे ४० टक्के निव्वळ साखर. म्हणजे आणखी १७० ग्रॅम. एकूण ४१० ग्रॅम साखर. घरातील आठ जणांनी हा पदार्थ वाटून खाल्ला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅमहून थोडी अधिक, म्हणजे चहाचे दहा चमचे साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत. निरोगी प्रौढ माणसाला दहा टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. या एका वाटीत दिवसाचा वरचा आकडा संपला. चहा, सकाळचा लाडू, दुपारचे आंबट-गोड वरण हे सगळे त्याच्यावर.

आणि साखर ही अर्धीच गोष्ट. खोक्यातील मैदाही पोटात गेल्यावर साखरच होतो. या वाटीतील पिष्टमय भाग चार फुलक्यांच्या बरोबरीचा असतो. जेवणात दोन फुलके मोजून खाणारे माझे रुग्ण जेवणानंतर चार फुलके चमच्याने खातात आणि त्याला फळ म्हणतात.

निवृत्त शिक्षक असलेले माझे एक रुग्ण गेल्या वर्षी असेच जाऊन आले. जाताना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ७.२ होता; आल्यावर ९.१. गोळ्या एक दिवसही चुकवल्या नव्हत्या. रोज अर्धा तास चालतही होते, कारण तिकडे पदपथ चांगले. फरक पडला तो खाण्यात. पावाच्या तुकड्यापासून नाश्त्याच्या लाह्यांपर्यंत तिकडच्या बऱ्याच वस्तूंत साखर मुरलेली असते, हा त्याचा मोठा भाग. आणि नातवंडांबरोबर रोज रात्री थोडे थोडे खाल्लेले ‘फळांचे’, हा दुसरा. रविवारी केलेला मोठा कॉब्लर फ्रिजमध्ये बुधवारपर्यंत पुरत असे. त्यांनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण फळ खात आहोत.

हा समज आपल्याकडे घरोघर आहे. आमरस म्हणजे आंबाच की. शिकरण म्हणजे केळेच की. गुळांबा तर गुळाचा, तो साखरेइतका वाईट कसा असेल? गुळात आणि मधात साखरच असते, थोडी क्षारांची भर पडते इतकेच. मधुमेह्याच्या रक्ताला त्या भरीचा काही उपयोग नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. उंबरठ्यावर असणाऱ्यांतल्या पुष्कळांना ते तिथे आहेत हे माहीतही नसते. ‘फळच तर आहे’ हे वाक्य सर्वांत महाग पडते ते त्यांना.

अखंड फळ आणि शिजवलेले फळ यांतही फरक आहे. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या वेळी अखंड सफरचंदे, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस दिला. प्रत्येक वेळी आतली साखर सारखीच. अखंड सफरचंदाने पोट सर्वांत जास्त भरल्यासारखे वाटले, लगद्याने कमी, रसाने सर्वांत कमी. रस अकरापट वेगाने संपला. लगदा आणि रस घेतल्यावर रक्तातील इन्सुलिनही अखंड फळापेक्षा जास्त चढले. त्या प्रयोगात साखर वरून घातलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. फळ चावून खाण्यात जो वेळ जातो आणि त्याच्या पेशींच्या भिंती फोडण्यात पोटाचे जे श्रम होतात, ते फळाच्या गुणाचाच भाग आहेत. मंद आचेवर तीन तास शिजलेल्या फळात चोथा शिल्लक असतो, पण तो भिंत म्हणून उभा नसतो. ‘क’ जीवनसत्त्वाचाही बराच भाग जातो. त्यात एका बैठकीला एक सफरचंद खाणारा माणूस शिजवलेली दोन सफरचंदे सहज खाऊन जातो, हे आणखीच.

मग हे भांडे माळ्यावर टाकायचे का? मुळीच नाही. उलट वय झालेल्या घरांत या भांड्याचा उपयोग आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि याच कारणासाठी हा लेख नुसता ‘खाऊ नका’ म्हणून संपवणे मला बरोबर वाटत नाही. सत्तरीच्या पुढे तोंडात दात कमी असतात किंवा कवळी असते. सफरचंद, पेरू, नाशपाती ही फळे चावत नाहीत म्हणून सोडून दिली जातात. मग फळ म्हणून केळे तेवढे उरते आणि रोज सकाळी बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन माणूस बसतो. अशा माणसाला साल न काढता मऊ शिजवलेले नाशपातीचे किंवा सफरचंदाचे फळ, वर साखर न घालता, वाटीभर दिले तर ते खरोखर पथ्याचे आहे. आजारातून उठलेल्याला, भूक मेलेल्याला ते जाते. आणि गॅससमोर तासभर उभे राहण्याचा त्रास नाही, की उघड्या बर्नरजवळ लोंबणाऱ्या पदराची काळजी नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला ही सोय लहान नव्हे.

माझे म्हणणे एवढेच, की सोपेपणा भांड्याकडून घ्यावा, डब्याकडून घेऊ नये. फळ चिरायला पंधरा मिनिटे लागतात. त्या पंधरा मिनिटांत ताटातली जवळजवळ ४० ग्रॅम साखर वाचते. अमेरिकेत तर ताजी फळे चिरायचीही गरज नसते; साखर न घातलेल्या गोठवलेल्या पीचच्या फोडी पिशवीत मिळतात. त्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुट्या होऊ द्याव्यात, गोठलेल्याच भांड्यात टाकू नयेत. डबाच वापरायचा तर फळ स्वतःच्या रसात किंवा पाण्यात भरलेले आहे ना, हे वाचून घ्यावे. ‘हेवी सिरप’ असे लिहिलेला डबा जागेवर ठेवून द्यावा.

आमच्या घरी जमलेली कृती देतो. एक किलो फळाच्या फोडी घ्याव्यात. आपल्याकडे सफरचंद आणि नाशपाती निम्मी निम्मी चांगली लागतात. उन्हाळ्यात उत्तरेकडून पीच आणि आलुबुखार येतात, ते मिळाले तर उत्तम. हापूस यात घालणे हा मला हापूसचा अपमान वाटतो. चिकू अतिगोड होतो आणि सीताफळ तापवले की कडवट होते, म्हणून ही दोन्ही नकोत. फोडींना एका लिंबाचा रस, तीन चहाचे चमचे मक्याचे पीठ, अर्धा चमचा दालचिनीपूड आणि ५० ग्रॅम साखर चोळून भांड्यात घालावे. भांड्याला आतून तुपाचा हात लावलेला असावा. झाकण ठेवून मोठ्या आचेच्या खुणेवर तासभर शिजू द्यावे.

फळ गरम झाल्यावरच वरचे पीठ घालायचे, थंड फळावर घातलेले पीठ तळाशी कच्चे आणि चिकट राहते. १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम बारीक रवा, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ३० ग्रॅम साखर आणि ४० ग्रॅम पातळ केलेले लोणी किंवा तूप एकत्र करावे. त्यात सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर दूध घालून चमच्याने सोडता येईल इतके सैल भिजवावे आणि लगेच फळावर जागा सोडून गोळे घालावेत. भिजवून ठेवले तर बेकिंग पावडरचा जोर निघून जातो.

झाकणाचे मात्र नीट लक्षात ठेवा. आतली वाफ काचेला लागून पाणी होते आणि ते टपटप पिठावर पडते. ढोकळ्याच्या भांड्याच्या झाकणाला आपण फडके बांधतो तसे स्वच्छ कोरडे फडके या झाकणाला आतून बसेल असे बांधावे आणि त्याची टोके वर गाठ मारून ठेवावीत, खाली गरम भांड्याला लागू देऊ नयेत. तास-सव्वा तासाने काडी खुपसून पाहावी, कोरडी निघाली की झाले. मध्ये मध्ये झाकण उघडून बघण्याची सवय असलेल्यांनी मन आवरावे. एकदा उघडले की शिजणे वीस-तीस मिनिटे मागे पडते. वरचा थर भट्टीतल्यासारखा खरपूस होत नाही. तो वाफेवरचा पदार्थ आहे, फुणक्यांसारखा मऊच राहणार. खरपूसपणा हवा असेल तर वाढताना वर थोडे भाजलेले शेंगदाणे किंवा अक्रोड भरडून घालावेत.

याचे आठ भाग केले तर एका वाटीत वरून घातलेली साखर १० ग्रॅम येते, म्हणजे दोन चमचे. उष्मांक सव्वादोनशेच्या आत, डब्याच्या कॉब्लरच्या साधारण निम्मे. निरोगी माणसाने आठवड्यातून एखाद्या दिवशी ही वाटी आनंदाने खावी आणि वर माझा लेख आठवू नये.

मधुमेह असणाऱ्यांसाठी मात्र ही वाटीसुद्धा फळ नव्हे. फळाची साखर, कणीक, रवा सगळे मिळून त्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके आहेत, म्हणजे दोन फुलक्यांएवढी. म्हणून खायचीच असेल तर अर्धी वाटी, त्यात खालचे फळ जास्त आणि वरचे पीठ कमी, आणि त्या जेवणातला एक फुलका किंवा तेवढा भात कमी. रिकाम्या पोटी किंवा चहाच्या वेळी नुसते खाण्यापेक्षा भाजी, वरण, दही असलेल्या जेवणानंतर खावे, साखर त्यामानाने सावकाश चढते. घरी साखर मोजायचे यंत्र असेल तर जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजून पाहावी. माझ्या सांगण्यापेक्षा तो आकडा जास्त पटतो. दोन गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. गोड खाणार म्हणून एक गोळी जास्त घेऊ नये. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण टाळून त्याऐवजी गोड खाऊ नये. साखर आधी भरकन चढते आणि रात्री उतरू लागली की घाम, थरथर, चक्कर या मार्गाने माणूस दवाखान्यात येतो. मुलाच्या घरी, परक्या देशात मध्यरात्री हे झाले तर काय धावपळ होते आणि काय बिल येते, हे जाऊन आलेल्यांना विचारा.

आता भांड्याच्या काही धोक्यांविषयी, कारण पुष्कळ जण येताना हे भांडे सामानात घालून आणतात. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०. तिकडचे भांडे आपल्या बटणात सरळ खुपसले तर ते जवळजवळ चौपट वीज ओढते आणि पहिल्याच दिवशी तार जळते; जळताना सोबत आणखी काही जाळले नाही तर नशीब. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून व्होल्ट बदलत नाहीत. पुरेशा ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लागतो, नाहीतर २३० व्होल्टचे भांडे इथेच विकत घ्यावे.

वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न अमेरिकेपेक्षा मोठा आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअस या कोमट पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मंद भांडे आधीच सावकाश तापते. वीज गेल्यावर ते किती वेळ कोमट राहिले हे कळत नाही. घरी कुणी असेल आणि वीज गेली तर अन्न लगेच गॅसवर शिजवून पुरे करावे. कामावरून आल्यावर कळले की दुपारी दोन-अडीच तास वीज नव्हती, तर दूध-पिठाचा किंवा मांसाचा पदार्थ फेकून द्यावा. हळहळू नये.

कॉब्लर सोडून थोडे दुसरीकडे जातो, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. या भांड्यात कच्चा राजमा कधीही शिजवू नका. राजम्यात, आणि त्याच कुळातल्या आपल्या साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्यातही, कच्चेपणी एक विषारी द्रव्य असते. ते खळखळून उकळल्यावर नाहीसे होते, पण ८० अंशांच्या आसपासच्या मंद उष्णतेत उरते, इतकेच नव्हे तर वाढल्यासारखे होते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. आपल्या शिट्टीच्या कुकरने आजवर आपल्याला यापासून वाचवले आहे आणि म्हणून आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळवावा आणि मगच हवा तर मंद भांड्यात घालावा.

घरात रांगते मूल असेल तर भांड्याची वायर ओट्यावरून खाली लोंबू देऊ नये. बाहेरून थंड दिसणारे हे भांडे चांगलेच तापलेले असते आणि आतल्या फळाचा पाक अंगावर पडला तर तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो आणि खोलवर भाजतो.

उरलेला कॉब्लर त्या जाड भांड्यातच ठेवून देऊ नये. ते भांडे आतली ऊब तासन्‌तास धरून ठेवते आणि फ्रिजमध्ये ठेवले तरी मधला भाग लवकर थंड होत नाही. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. परत गरम करायचा तो स्लो कुकरमध्ये नको, तो फार सावकाश तापतो. लागेल तेवढाच वाटीत काढून गॅसवरच्या पातेल्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा, आणि डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावा.